सुखान्ताची सक्ती

ज्याने आपली उमेदीची सारी वर्षे मराठीत कादंबऱ्या लिहिण्यात वेचली आणि त्या कादंबऱ्यांतील एकाही नायिकेला शेवटच्या प्रकरणापर्यंत धडपणे जगू दिले नाही, अशा माझ्यासारख्या सांगलीकर लेखकाने अमेरिकेतील प्रणयकादंबरीकारांच्या वार्षिक अधिवेशनाला जातीने हजर राहावे, हे भविष्य एखाद्या ज्योतिषाने वर्तवले असते, तर त्याची दक्षिणा मी तेथल्या तेथे परत मागितली असती. परंतु माझी एक भाची न्यू जर्सीत राहते. दिवसा ती एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात नोकरी करते आणि रात्री, मुले निजल्यावर, एका भारदस्त इंग्रजी टोपणनावाखाली विलायतेतील उमरावांच्या प्रेमप्रकरणांवर कादंबऱ्या लिहिते. ही वार्ता आमच्या घराण्यात पुष्कळ वर्षे दाबून ठेवण्यात आली होती, आणि ती काही लोकलज्जेस्तव नव्हे; त्या कादंबऱ्यांचे उत्पन्न कानी पडल्यास घरातील लिहित्या वडीलधाऱ्याच्या प्रकृतीवर काय परिणाम होईल, याची सर्वांना धास्ती होती. अखेर तो वडीलधारा स्वतःच एका जुलै महिन्यात तिच्या दारी मुक्कामास येऊन ठेपला, तेव्हा लपवण्यात अर्थ उरला नाही. "मामा, नायगारा काही पळून जात नाही," ती म्हणाली, "आधी माझ्या अधिवेशनाला चला."

ही संस्था म्हणजे 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका'. १९८० साली टेक्सास प्रांतातील ह्यूस्टन शहरी ती स्थापन झाली; व्हिव्हियन स्टीव्हन्स या कृष्णवर्णीय संपादिकेने तीत पुढाकार घेतला, रीटा क्ले एस्ट्राडा ही लेखिका पहिली अध्यक्षा झाली, आणि पुढे संस्थेच्या सर्वोच्च पुरस्कारालाही 'रीटा' हेच नाव पडले. मी गेलो ते दिवस संस्थेच्या ऐन भरभराटीचे होते. सभासदांची संख्या दहा हजारांच्या घरात होती. प्रणयकादंबरी कशास म्हणावे याचा निकाल या संस्थेने दोन कलमांत लावून टाकलेला आहे: कथेच्या केंद्रस्थानी प्रेम असले पाहिजे, आणि शेवट मनाला समाधान देणारा व आशादायी असला पाहिजे. पहिल्या कलमाला कोणाची हरकत असणार नाही. दुसऱ्या कलमाने मात्र जगातील निम्मे अभिजात वाङ्मय एका फटक्यात नामंजूर होते. रोमिओ आणि ज्युलिएट यांना दाराशीच अडवले जाईल; शरदबाबूंचा देवदास पार्वतीच्या घरापर्यंत पोहोचून मरतो, म्हणजे अवघ्या काही पावलांनी अपात्र ठरतो; आणि आमच्या खांडेकरांची त्यांच्या ध्येयवादी नायकांसह सन्मानपूर्वक परत पाठवणी होईल. ना. सी. फडके यांना तेवढे पायघड्या घालून आत घेण्यात येईल. १९३१ साली 'प्रतिभासाधन' लिहून कादंबरी हे शिकता आणि शिकवता येण्याजोगे तंत्र आहे असे ज्यांनी बजावले, आणि त्यापायी टीकाकारांची बोलणी खाल्ली, ते फडके त्या हॉटेलात अवतरले असते तर पहिल्याच दिवशी त्यांना तीन व्याख्याने द्यावी लागली असती आणि तिन्हींना श्रोते जमिनीवर बसले असते.

हॉटेल न्यूयॉर्कच्या मध्यवस्तीत होते. आत शिरल्यावर पहिला साक्षात्कार असा झाला की, या अफाट समुदायात पुरुष औषधापुरतेच आहेत. ही गोष्ट हॉटेलच्या व्यवस्थापनाच्या ध्यानी माझ्या आधीच आली असावी, कारण सभागृहांच्या मजल्यावरील पुरुषांच्या स्वच्छतागृहावर एक कागद चिकटवून त्याचे बिनदिक्कत स्त्रियांच्या स्वच्छतागृहात रूपांतर करण्यात आले होते. लोकसंख्येच्या प्रमाणात हा न्याय बिनतोड होता, हे मी मान्य करतो; परंतु वयोमानाप्रमाणे ज्याला दर तासाला या सोयीचा आधार लागतो, अशा गृहस्थाला 'नायकाचे अंतर्मन' या विषयावरील व्याख्यान अर्ध्यावर टाकून सरकत्या जिन्याने खालच्या मजल्यावर जावे लागते, आणि तो परत येईपर्यंत नायकाचे अंतर्मन संपलेले असते. जिन्यावर माझ्यासारखेच आणखी एक वृद्ध गृहस्थ भेटत. ते कोणा लेखिकेचे यजमान होते. आम्ही एकमेकांना ओळखीचे स्मित देत असू. बोलण्याइतका वेळ दोघांकडेही नसे.

गळ्यातल्या नावपट्टीखाली रंगीत फिती चिकटवण्याचा तेथे शिरस्ता होता. पुस्तक प्रसिद्ध झालेल्यांची एक फीत, स्वयंसेवकांची एक, पुरस्काराच्या अंतिम यादीत आलेल्यांची एक, अशी ती उतरंड खाली खाली वाढत जाई, आणि काही जुन्याजाणत्या सभासद बायकांच्या फिती तर कमरेखाली उतरून चालताना गुडघ्यांवर फडफडत होत्या. मला पहिल्यांदाच आलेल्याची एकुलती एक फीत मिळाली. ती पाहिली की अनोळखी बाई थांबून विचारी, "तुम्ही काय लिहिता?" हा प्रश्न मला आमच्या साहित्यसंमेलनांत आजतागायत कोणी विचारलेला नाही, कारण विचारले तर समोरचा सांगू लागेल, ही भीती आपल्याकडे सार्वत्रिक आहे. येथे मात्र बाई खरोखर उभी राहून ऐकत असे, आणि ऐकून झाल्यावर, नायिका शेवटी मरते हे कळताच, माझ्या दंडावर हलकेच हात ठेवत असे.

माझी अपेक्षा अशी होती की, जेथे प्रेमाचा व्यापार एवढ्या मोठ्या प्रमाणावर चालतो, तेथे हवेत गुलाबाचा वास असेल, बायका चंद्राकडे पाहून सुस्कारे टाकत असतील, आणि बार्बरा कार्टलँडबाई नखशिखान्त गुलाबी वेषात कोचावर पडून लेखनिकेला कादंबऱ्या सांगत, तसा काहीसा थाट सर्वत्र दिसेल. प्रत्यक्षात त्या हॉटेलात इतकी थंडी सोडलेली होती की बहुतेक लेखिका शाली गुंडाळून बसल्या होत्या, आणि त्यांच्या तोंडी प्रेम हा शब्द अभावानेच येत होता. सकाळच्या न्याहारीला आमच्या मेजावर एका आजीबाईंनी माझ्या भाचीला, पावाला लोणी लावता लावता, गेल्या सहामाहीत तिच्या पदरात किती पडले हे विचारले. भाचीने आकडा सांगितला. आजीबाईंनी आपला सांगितला. आणि दोघींनी मिळून प्रकाशकाने परत येणाऱ्या प्रतींपोटी जी रक्कम अडकवून ठेवली होती ती कशी सोडवावी याचा खल सुरू केला. मराठी लेखकाला आपण वय विचारू शकतो, पगार विचारू शकतो, पोटजातही आडून विचारू शकतो. पुस्तकाचे मानधन विचारत नाही, कारण ते बहुधा त्यालाही ठाऊक नसते. माझ्या स्वतःच्या बाबतीत सांगायचे, तर एका प्रकाशकाकडून मला आजवर जे काही नियमितपणे मिळाले आहे ते दिवाळीचे शुभेच्छापत्र होय.

दुपारी एका वकिलांचे करारनाम्यावर व्याख्यान होते. पुस्तक बाजारातून उठल्यानंतर त्याचे हक्क लेखिकेकडे परत कसे यावेत, त्यासाठी कोणत्या कलमात कोणती मुदत घालून घ्यावी, असा तो रुक्ष विषय. पण दालनात मुंगी शिरायला जागा नव्हती. याच बायकांपैकी काही जणी हार्लेक्विन या कंपनीसाठी लिहीत. तेथील मासिक मालिकांची पुस्तके दुकानाच्या फळीवर महिनाभर राहतात आणि पुढच्या महिन्याचा गठ्ठा आला की उचलली जातात. १९४९ साली कॅनडातील विनिपेग येथे निघालेल्या या कंपनीने १९७१ साली विलायतेतील 'मिल्स अँड बून' खरेदी केली, आणि जी पुस्तके वेष्टन घालून आमच्या पिढीच्या कॉलेजकन्यकांनी भूगोलाच्या तासाला वाचली, त्यांचा कारखाना तोच. ज्या लेखिकेला आपल्या पुस्तकाचे आयुष्य एका महिन्याचे आहे हे लिहायला बसण्यापूर्वीच माहीत असते, ती अमरत्वाची चिंता करीत नाही. ती कलमे वाचते. आमच्या संमेलनात चार ठराव संमत होतात, त्यांतला एक सीमाप्रश्नावर असतो. अध्यक्षांच्या छापील भाषणाच्या प्रती पहिल्या दिवशी संपतात आणि दुसऱ्या दिवशी भोजनमंडपात ताटाखाली आढळतात. परंतु करारनाम्यावर परिसंवाद झाल्याचे माझ्या स्मरणात नाही.

सर्वांत मनोरंजक तास एका अनुभवी लेखिकेने घेतला. तिने फळ्यावर दोन वर्तुळे काढली, एक त्याचे आणि एक तिचे, आणि मधे एक जाड रेघ ओढून विचारले, "यांना एकत्र येण्यापासून कोण अडवते आहे?" त्यावर सभागृहात जी शांतता पसरली तिने मी चकित झालो. मला एका दमात गोत्र, पत्रिका, मंगळ, हुंडा, धाकट्या बहिणीचे लग्न, वडिलांचे ब्लडप्रेशर आणि मिरजेची आत्या, एवढी नावे घेता आली असती. पण त्या बिचाऱ्या देशात दोन सज्ञान माणसांनी एकत्र राहायचे ठरवल्यास त्यांना अडवण्याची कोणाची प्राज्ञा नाही, आणि ज्याला अडथळा नाही त्या प्रेमावर साडेतीनशे पाने कशी लिहावीत, हा तेथील लेखिकांचा खरा धंदेवाईक पेच आहे. मग नायकाच्या बालपणी त्याचा कुत्रा त्याला टाकून गेल्याचे दुःख शोधून काढावे लागते, नायिकेचा विश्वास कोणीतरी आधीच मोडून ठेवावा लागतो. अडसर बाहेर मिळत नाही म्हणून तो मनाच्या विहिरीतून उपसावा लागतो. कथेतील ठरावीक प्रसंगांची त्यांच्याकडे एक पाठ असलेली फेरिस्त आहे: वैऱ्याचा प्रियकर होतो; वादळी रात्री खाणावळीत खोली एकच उरते आणि खोलीत खाट एकच; किंवा केवळ सोयीखातर दोघे आधी लग्न करतात आणि प्रेमात नंतर पडतात. हा शेवटचा प्रकार वाचकांना विलक्षण रोमांचकारी वाटतो असे बाई म्हणाल्या, तेव्हा सारे वाकून टिपून घेत होते. माझ्या आईवडिलांनी, आजीआजोबांनी आणि त्यांच्या आजीआजोबांनी कसलाही गाजावाजा न करता हेच केले होते, हे मी कोणाला सांगितले नाही.

या पेचातून सुटण्याचा राजमार्ग म्हणजे काळ मागे नेणे. १८११ ते १८२० या वर्षांत इंग्लंडचा राजा वेडा होता आणि युवराज कारभार पाहत होता. त्या अल्पशा कारकिर्दीला प्रणयकादंबरीच्या नकाशावर जेवढी जमीन मिळाली आहे तेवढी मौर्यांना इतिहासाच्या पुस्तकात मिळत नसेल. कारण उघड आहे: तेव्हा वारसाहक्क होता, पदव्या होत्या, अब्रू होती, आणि एका मुलीने एका पुरुषाशी बागेत चार मिनिटे एकटीने बोलल्यास दोन्ही घराण्यांत बैठका बसत. अडसर फुकट आणि मुबलक! नायक बहुधा ड्यूक असतो. राजघराण्याबाहेरचे ड्यूक त्या काळी साऱ्या राज्यात तीसेक होते आणि त्यांतले बरेच वयस्क, विवाहित नाहीतर संधिवाताने गांजलेले असणार. कादंबऱ्यांतून आजवर जे तरुण, अविवाहित आणि रुंद खांद्यांचे ड्यूक लग्नाला उभे राहिले त्यांचे सैन्य उभारले असते तर वॉटर्लूला वेलिंग्टनची गरज पडली नसती. आपल्याकडे साडेपाचशेवर संस्थानिक असूनही मराठी कादंबरीला नायक म्हणून प्रोफेसर का सापडावा, याचा उलगडा अद्याप कोणा समीक्षकाने केलेला नाही.

माझ्या भाचीच्या यशाचे रहस्य मला त्याच रात्री उमगले. तिच्या कादंबऱ्यांतील डचेस सासवांच्या तोंडचे संवाद अस्सल आहेत, अशी तिची वाचकांत ख्याती आहे. मी त्यातली एक कादंबरी रात्री वाचून काढली. प्रकरण तिसरे, एका श्रीमंत घरच्या स्वागतसमारंभात वृद्ध डचेस भावी सुनेला आपादमस्तक न्याहाळते, तिच्या हातमोज्यांच्या शिवणीवर बोट फिरवते, आणि म्हणते की तुमच्याकडे असेच चालत असेल. ती साक्षात आमची मिरजेची आत्या होती. फक्त नऊवारीच्या जागी रेशमी झगा आणि मोदकांच्या जागी बदामाचे केक आले होते. अमेरिकेत जन्मलेल्या लेखिका लंडनच्या अभिलेखागारांतून वर्षानुवर्षे जे शोधीत बसतात ते हिने गणपतीच्या सुट्टीत मिरजेच्या माजघरात बसून फुकट मिळवलेले होते. सोयरीक जमवणे, घराणे पाहणे, देण्याघेण्याची याद करणे, मानपानावरून रुसणे, या साऱ्याची तालीम जिला लहानपणीच मिळाली, तिला लंडनचे मेफेअर काय आणि मिरजेची ब्राह्मणपुरी काय!

तिसऱ्या दिवशी संपादकांच्या भेटी होत्या. एका लांबट दालनात छोटी मेजे मांडलेली, प्रत्येकामागे एक संपादिका किंवा साहित्यिक मुखत्यार, आणि प्रत्येक उमेदवाराला कथानक सांगण्यासाठी दहा मिनिटे. मग घंटा होते आणि पुढचा उमेदवार रुजू होतो. बाहेर भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बायका डोळे मिटून आपल्या कादंबरीचे एका वाक्यातले सार पुटपुटत होत्या. संपादिकेला जिन्यात गाठू नये, आणि स्वच्छतागृहाच्या दाराखालून हस्तलिखित आत सरकवू नये, असे नवशिक्यांना बजावण्यात येई. असे पूर्वी घडल्याच्या दंतकथा त्या वर्तुळात पिढीजात चालत आलेल्या आहेत. भाचीने आपली वेळ मला देऊ केली. मी नको म्हणालो, पण फार वेळ नाही.

संपादिका तिशीच्या आतली, चष्मा लावलेली, अत्यंत अदबशीर मुलगी होती. मी तिला माझी सर्वांत नावाजलेली कादंबरी सांगितली: कृष्णाकाठचा एक शाळामास्तर, एक तरुण विधवा, गावाचा विरोध, अखेर गाव नमते, आणि लग्नाच्या आदल्या संध्याकाळी नदीला पूर येऊन ती वाहून जाते. या शेवटावर मराठीत दोन प्रबंध झाले आहेत. पुराला नियतीचे प्रतीक म्हणण्यात आले आहे. मुलीने सारे लक्षपूर्वक ऐकले, वहीत काहीतरी लिहिले, आणि विचारले, "तिला पोहता येत नाही का?"

मी म्हणालो, येत नाही.

"शिकवता येईल," ती म्हणाली. तिच्या स्वरात चेष्टेचा लवलेश नव्हता. "चौथ्या प्रकरणात. मास्तर शिकवतील. त्यात दोघांची जवळीकही होईल, आणि पुढच्या पुराची तयारीही होऊन जाईल. वाचकाला शेवटी आठवेल की अरे, हिला तर पोहता येते!" मी उत्तर शोधीत होतो. मला नियती आठवली, ग्रीक शोकान्तिका आठवली, सांगलीच्या आयर्विन पुलाखालचे तांबडे पाणी आठवले. आणि त्याच वेळी, ज्याला आम्ही रचना म्हणतो त्या दृष्टीने ही सूचना निर्दोष आहे, हेही दिसत होते. तेवढ्यात घंटा झाली. दोन प्रबंधकारांपैकी कोणालाही हा प्रश्न सुचला नव्हता.

समारंभांपैकी स्वाक्षऱ्यांचा कार्यक्रम लक्षात राहण्यासारखा होता. शेकडो लेखिका आडनावांच्या वर्णानुक्रमाने लांबच लांब मेजांवर बसत, वाचकांना दार खुले असे, आणि विक्रीचे उत्पन्न साक्षरतेच्या कार्याला जाई. वाचक चाकांच्या बॅगा ओढीत आले होते. एका लठ्ठशा बाईने माझ्या भाचीपुढे तिची जुनी पुस्तके एकेक करून रचली, प्रत्येकाच्या पानांचे कोपरे दुमडलेले, आणि सांगितले की नवऱ्याच्या आजारपणात इस्पितळातल्या खुर्चीवर ही सर्व वाचली. भाचीने नवऱ्याचे कसे आहे असे विचारले नाही. बाईनेही सांगितले नाही. दोघींनी नव्या पुस्तकातील ड्यूकचा धाकटा भाऊ पुढे कोणाशी लग्न करणार, यावर पाच मिनिटे चर्चा केली, आणि मागच्या रांगेतील कोणीही कुरकुर केली नाही. आमच्याकडे मात्र १९६२ सालच्या दिवाळी अंकातल्या एका कथेपायी चंद्रकांत काकोडकरांना अश्लीलतेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि १९६९ साली ते सुटले तरी त्यांच्याविषयी मराठी सुशिक्षितांनी खालच्या आवाजातच बोलावयाचे ठरवले. वाचनालयात योगिनी जोगळेकर आणि शैलजा राजे यांची पुस्तके सदैव बाहेर गेलेली असत, पण ती नेणारे कोण हे कधी कळत नसे. इतक्या बायका उजेडात, रांगेत, हसतमुखाने प्रेमकथा विकत घेताना पाहण्याची माझ्या डोळ्यांना सवय नव्हती.

पुढे या संस्थेचा स्वतःचा शेवट मात्र दुसऱ्या कलमाला धरून झाला नाही. २०१९ सालापर्यंत एकाही कृष्णवर्णीय लेखिकेला 'रीटा' मिळाला नव्हता, हे त्या साली दोघींना तो मिळाल्यावर साऱ्यांच्या नजरेत आले. त्याच डिसेंबरात, अन्य एका लेखिकेच्या कादंबरीतील वंशभेदावर टीका करणाऱ्या एका सभासद लेखिकेवर संस्थेने शिस्तभंगाचा बडगा उगारला, तेव्हा वणवा पेटला. कार्यकारिणीने राजीनामे दिले, सभासदांची गळती लागली, 'रीटा' बंद करून संस्थापिका व्हिव्हियनबाईंच्या नावाने नवा पुरस्कार काढला गेला, तोही उशिरा सुचलेले शहाणपण. २०२४ साली संस्थेने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला. देणे मुख्यतः हॉटेलांचे होते: भविष्यातील अधिवेशनांसाठी दालने आणि खोल्या आगाऊ ठरवून ठेवल्या होत्या, आणि सभासदच न उरल्याने तीस लाख डॉलरांच्या आसपास अंगावर आले. आजन्म शपथा निभावणाऱ्या नायकांवर ज्यांचे पोट, त्यांना हॉटेलांना दिलेला शब्द पाळता आला नाही.

मी भाचीला फोनवर सांत्वनाचे दोन शब्द बोलू लागलो, तर ती घाईत होती. तिच्या ओळखीच्या बायका दर बुधवारी पडद्यावर भेटतात आणि करारनामे एकमेकींना वाचून दाखवतात. संस्थेवाचून काही अडलेले नाही. तिला वेगळीच माहिती हवी होती. ड्यूक आता फार झाले, वाचकांना नवीन काही पाहिजे, तर दक्षिण महाराष्ट्रातला एखादा संस्थानिक नायक म्हणून चालेल का? मी उत्साहाने औंधाचे नाव सुचवले. भवानराव पंतप्रतिनिधी पहाटे उठून सूर्यनमस्कार घालीत, साऱ्या प्रजेकडून घालवून घेत, चित्रे काढीत, आणि १९३९ साली त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्याचा कारभार आपण होऊन प्रजेच्या हाती सोपवला. इतका उदात्त नायक विलायतेत कुठे मिळणार?

पलीकडे थोडा वेळ टंकनाचा आवाज येत राहिला.

"सूर्यनमस्कार छान आहेत," ती म्हणाली. "खांद्यांसाठी. पण मामा, राज्य त्याने लग्नानंतर सोडले तर नाही चालणार का?"